डिक्लेअर ३:२५ ला केलं, उशीर १२:५० पासूनच सुरू होता

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सांगलीतल्या एका क्लबचा मी यंदा पहिल्यांदाच कॅप्टन झालोय. गेल्या शनिवार-रविवारी दोन दिवसांची मॅच होती. खेळाची वेळ ९:३० ते ५, जेवण १२ ते १२:४०, चहा २:४० ते ३. समोरचा संघ पहिल्या दिवशी ६८ ओव्हरमध्ये २१२ ला ऑलआउट झाला. दिवस संपला तेव्हा आम्ही बिनबाद ३८. रविवारी १२:५० ला लीड घेतला, चहाला ५ बाद २६८. आभाळ भरत होतं. आमचा एक १९ वर्षांचा पोरगा ७४ वर होता, त्याचं पहिलं शतक व्हावं म्हणून चहानंतरही खेळत राहिलो. शेवटी ३:२५ ला ६ बाद २९९ वर डिक्लेअर केलं, तेव्हा तो ९१ वर नाबाद. ४:२० ला वळीव कोसळला तेव्हा ते ११ ओव्हरमध्ये ३ बाद ३४ होते. पुढे खेळ झालाच नाही. लीडचे गुण मिळाले, जिंकायचे गेले. सिनियर म्हणतात, ‘लीड घेतल्या घेतल्या सोडायचा होतास की डाव.’ क्लबचे एक पदाधिकारी म्हणतात, ‘पुढं होतो ना आपण, मग डिक्लेअर करायचं नडलं होतं काय?’ तो पोरगा तर माझ्याशी बोलत नाही. येत्या शनिवार-रविवारी साताऱ्यात मॅच आहे आणि अंदाज पुन्हा पावसाचाच. पाऊस दिसत असला तर नेमक्या किती धावांवर डाव सोडावा?

नमस्कार कॅप्टन,

तुम्ही धावांबरोबर घड्याळातल्या वेळाही लिहिल्यात हे फार बरं केलंत. पराभवाच्या किंवा हुकलेल्या विजयाच्या बहुतेक पत्रांत धावा असतात, वेळ नसते. आणि पाऊस येणाऱ्या मॅचमध्ये धावांपेक्षा वेळेचाच हिशेब आधी मांडावा लागतो.

तुम्ही, तुमचे सिनियर आणि ते पदाधिकारी, तिघांचं भांडण जोरात असलं तरी तिघांनी एक गोष्ट धरूनच चाललंय, की मॅच ३:२५ च्या निर्णयावर फिरली. हे आधी तपासू. एका ओव्हरला चार मिनिटं धरा, तुमच्या मुलांनी जवळपास त्याच गतीने टाकल्या आहेत. ३:२५ ला डिक्लेअर, दहा मिनिटांची विश्रांती, ३:३५ ला पहिला चेंडू. वळीव आलाच नसता असं समजा. पाच वाजेपर्यंत ८५ मिनिटं, म्हणजे २१ ओव्हर. तुमच्या स्पर्धेत शेवटच्या तासात किमान २० ओव्हर टाकण्याचा नियम लागू असेल तर फार तर २६. पहिल्या डावात याच संघाने दहा विकेट द्यायला ६८ ओव्हर घेतल्या होत्या. म्हणजे आभाळ निरभ्र असतं तरी तुम्ही जिंकायच्या वाटेवर नव्हतात. पावसाने तुमच्या शेवटच्या ४० मिनिटांवर पाणी फिरवलं, विजय त्याच्याआधीच निसटला होता.

कुठे, ते तुमच्याच आकड्यांत आहे. रविवारी सकाळी ९:३० ते १२:५०, जेवणाची वेळ वगळून १६० मिनिटं, साधारण ४० ओव्हर, धावा १७४. ओव्हरमागे चारच्या वर. उत्तम. पुढे १२:५० ते २:४० या ११० मिनिटांत, म्हणजे सत्तावीसेक ओव्हरमध्ये, धावा ५६. ओव्हरमागे दोन. लीड मिळाला, गुण खिशात पडले आणि सगळे निवांत झाले. जेवणाची सुस्तीही असेल. सकाळच्याच गतीने खेळला असतात तर ५६ चा हाच लीड १३ ओव्हरमध्ये, म्हणजे १:४० च्या सुमारास हातात आला असता. तेव्हा डाव सोडला असता तर पावसाआधी ३२ ओव्हर मिळाल्या असत्या, पाऊस नसता तर शेवटच्या तासाच्या वीस धरून ४७. विकेट तुम्ही ११ ओव्हरमध्ये तीन काढल्या, तो वेग नव्या चेंडूचा होता, टिकला नसता. तरी ४७ ओव्हरमध्ये दहा विकेट आणि वर थोडा पाठलाग हे शक्य कोटीतलं काम आहे. ३२ मध्ये अवघड, पण निदान चुरस झाली असती.

तर मग ‘किती धावांवर’ हा प्रश्नच थोडा बाजूला ठेवू या. त्याऐवजी हे विचारा, की जिंकायला मला अजून किती ओव्हर लागतील? त्यात तीन गोष्टी येतात: दहा विकेट काढायच्या ओव्हर, डाव बदलताना जाणाऱ्या दोन-तीन ओव्हर आणि शेवटी जो काही पाठलाग उरेल त्याच्या ओव्हर. ही तिसरी गोष्ट बहुतेक कॅप्टन विसरतात. तुमचा लीड ५६, ते दुसऱ्या डावात ११० ला आटोपले, तर तुम्हाला ५५ हव्यात. त्याला आठ-दहा ओव्हर राखून ठेवाव्या लागतात.

यातून लीड किती वाढवावा याचंही उत्तर मिळतं. आत्ता ओव्हरमागे दोनने काढलेली एक धाव तुम्हाला अर्ध्या ओव्हरला पडते. तीच धाव शेवटी पाठलागात, हातात दहा विकेट असताना, ओव्हरमागे सहाने काढली तर एक षष्ठांश ओव्हरला पडते. म्हणजे रेंगाळत लीड वाढवणं हा तोट्याचा सौदा आहे. जोपर्यंत पाच-सहाच्या गतीने धावा येतायत तोपर्यंत खेळत राहण्यात अर्थ आहे, गती तीनच्या खाली आली की डाव सोडा, लीड ४० असो की ६५. सिनियर म्हणतात तसं लीड मिळाल्याच्या क्षणी सोडलं असतं तर १:०० पासून पावसापर्यंत ४५ ओव्हर मिळाल्या असत्या खऱ्या, पण मग समोरच्यांनी केलेली प्रत्येक धाव तुम्हाला परत करावी लागली असती. ते १२० ला आटोपले असते तर जवळपास १२० चा पाठलाग, आणि त्याला वेळ नसता. त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे.

पदाधिकाऱ्यांचं म्हणणं मात्र मला पटत नाही. ‘पुढं होतो ना’ या वाक्यामागे एक भीती असते, की डाव सोडला आणि हरलो तर? डाव सोडण्याचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत आणि आपल्याकडे ते सर्रास एकच समजले जातात. मॅचच्या तिसऱ्या डावात डिक्लेअर करून समोरच्याला लक्ष्य देता तेव्हा धोका खरा असतो. १९६८ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला गॅरी सोबर्सने २ बाद ९२ वर डाव सोडला आणि इंग्लंडला १६५ मिनिटांत २१५ धावा दिल्या. इंग्लंडने सात विकेटनी मॅच घेतली आणि मालिकाही. तुम्ही मात्र मॅचच्या दुसऱ्या डावात होतात. तुमच्या डिक्लेअर करण्याने समोरच्याला कुठलंच लक्ष्य मिळत नव्हतं. तुम्हाला हरवायला त्यांना आधी ५६ फेडायच्या, वर शंभर-दीडशे जमवायच्या, मग डाव सोडून तुम्हाला गुंडाळायचं, आणि हे सगळं एका दुपारीत, तेही आभाळ भरलेलं असताना. लीडचे गुण तर आधीच नोंदले गेले होते. अशा वेळी लवकर सोडण्यात घालवण्यासारखं काही नसतं, म्हणून दुसऱ्या डावात, लीड घेतल्यावर, कॅप्टनने लवकरच्याच बाजूला चुकावं.

लीड लहान दिसतो म्हणून धीर होत नसेल तर २०२४ ची कानपूर कसोटी आठवा. बांगलादेशविरुद्ध पहिल्या दिवशी ३५ ओव्हर झाल्या, दुसरा आणि तिसरा दिवस पूर्ण वाया. चौथ्या दिवशी बांगलादेश २३३ ला आटोपला. भारताने ३४.४ ओव्हरमध्ये ९ बाद २८५ करून डाव सोडला. लीड फक्त ५२, तुमच्या चहाच्या वेळच्या लीडपेक्षाही कमी. बांगलादेश दुसऱ्या डावात १४६, भारताने ९५ चं लक्ष्य तीन विकेट गमावून गाठलं. डिक्लेअर करण्याचं धाडस सगळ्यांच्या लक्षात राहिलं, पण मॅच जिंकली ती ओव्हरमागे आठच्या वर गेलेल्या फलंदाजीने.

सांगलीकराला तर दाखला बाहेरून आणायचीही गरज नाही. विजय हजारे सांगलीत जन्मले. १९५१ च्या नोव्हेंबरात दिल्लीला त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने इंग्लंडविरुद्ध ६ बाद ४१८ वर डाव सोडला, लीड २१५ चा, हजारे स्वतः नाबाद १६४. इंग्लंडने दुसऱ्या डावात ६ बाद ३६८ पर्यंत खिंड लढवली आणि मॅच अनिर्णित राहिली. तीन महिन्यांनी मद्रासला त्याच हजाऱ्यांनी ९ बाद ४५७ वर डाव सोडला, लीड १९१ चा, म्हणजे दिल्लीपेक्षा कमीच. भारत एक डाव आणि ८ धावांनी जिंकला, भारताचा तो पहिला कसोटी विजय. मोठा लीड म्हणजे विजय जवळ, असं नसतं.

आता पाऊस. तुम्ही ‘अंदाज पावसाचा’ एवढंच लिहिलंय, आणि तेवढ्यावर निर्णय घेऊ नये. हवामान खात्याच्या अंदाजातले शब्द मोजून वापरलेले असतात. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या फार तर पाव केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे पाव ते निम्म्या, ‘बऱ्याच ठिकाणी’ निम्म्या ते पाऊण, ‘बहुतांश ठिकाणी’ त्याहून जास्त. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे बहुधा ‘तुरळक’च असतं. शिवाय तो अंदाज जिल्ह्याचा, आणि सातारा जिल्हा म्हणजे एका टोकाला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस घेणारं महाबळेश्वर आणि दुसऱ्या टोकाला पाचशेच्या आसपास अडखळणारा माण. जिल्ह्याच्या अंदाजावरून सकाळीच घाबरून डाव सोडायची गरज नाही.

कामाचं असतं ते पुढच्या तीन तासांचं ‘नाऊकास्ट’, जे खातं दिवसभर बदलत राहतं. एक माणूस त्यावर बसवा, स्कोअररच्या शेजारी, आणि दर अर्ध्या तासाला त्याने तुम्हाला एका वाक्यात सांगायचं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात वीज पडत असेल तर कळवतं. ४० च्या वर्तुळात विजा दिसू लागल्या की तुमच्या हातात अमुक इतकाच वेळ आहे असं समजून चला. वळीव दुपारच्या तापलेल्या जमिनीवर तयार होतो, त्यामुळे त्याची वेळ बहुधा साडेतीननंतरची. धुळीचा गार वारा अचानक सुटला की ढग जवळ आलेला असतो, तेव्हा डिक्लेअर करून काही उपयोग नाही. संघात तासगाव भागातला, घरी बेदाण्याची शेड असलेला एखादा खेळाडू असला तर त्याच्याकडे जरूर विचारा. बेदाणा वाळत पडलेला असताना आभाळावर त्यांचं जेवढं लक्ष असतं तेवढं अंपायरचंही नसतं.

पावसाचा अंदाज पक्का नसतो, म्हणून दोन घड्याळं धरा. एकात खेळ पाचला संपतो, दुसऱ्यात पाऊस येण्याची शक्यता असलेल्या वेळेला, समजा चारला. वरचा ओव्हरचा हिशेब दोन्ही घड्याळांवर मांडा. दुसऱ्या डावात लीड घेऊन पुढे असाल तर चारच्या घड्याळाप्रमाणे वागा. तिसऱ्या डावात लक्ष्य देत असाल तर पाचच्या घड्याळावर समोरच्याला किती धावा झेपतील हे आधी बघा, कारण पाऊस आलाच नाही तर ते लक्ष्य तुमच्याच अंगावर येईल.

पाऊस किती वेळ पडेल यापेक्षा त्याच्यानंतर मैदान किती वेळ खाईल, हा प्रश्न मोठा आहे. कानपूरचा तिसरा दिवस पाऊस पडत नसताना, मैदान ओलं म्हणून वाया गेला होता. आपल्या भागातल्या बऱ्याच मैदानांवर काळी माती. पिचवर ताडपत्री पडते, पण बॉलरचे रनअप आणि आउटफिल्ड उघडं राहतं. काळ्या मातीवर वीस मिनिटं जोराचा पाऊस झाला की रनअपमध्ये स्पाइकला चिखलाचे गोळे चिकटतात आणि पाय टेकतो तिथे घसरतं. गवत किंवा चेंडू नुसता ओला आहे म्हणून खेळ थांबत नाही, पण जमीन धोकादायक वाटली की अंपायर खेळू देणार नाहीत, आणि ते योग्यच. म्हणून चारनंतर जोराचा वळीव झाला तर दिवस संपला असंच धरा. दोनच्या आसपास झाला तर तासा-दीड तासाने उरलेला खेळ होऊ शकतो, पण तोही तुम्हाला हवा तसा नसतो. चेंडू ओला, स्पिनरच्या बोटांतून सुटतो. आउटफिल्ड जड, चौकार अडतात, म्हणजे पाठलाग करणाऱ्याचे हाल. त्या खेळात तुमचा मुख्य बॉलर स्पिनर असेल तर पावसाआधी मिळालेल्या प्रत्येक ओव्हरची किंमत दुप्पट धरा आणि त्याला नव्या चेंडूबरोबर चौथ्या-पाचव्या ओव्हरलाच आणा.

नियमांतल्या काही गोष्टी तुमच्या मिनिटांवर थेट परिणाम करतात, त्या पाठ असू द्या. चेंडू डेड, म्हणजे खेळात नसताना बॅटिंग करणारा कॅप्टन केव्हाही डाव सोडू शकतो. त्याने अंपायर आणि समोरचा कॅप्टन या दोघांना कळवायचं, आणि एकदा कळवलं की मागे घेता येत नाही, पुढच्या मिनिटाला विजा कडाडल्या तरी नाही. बाउंड्रीवरून हात हलवणं म्हणजे कळवणं नव्हे. आपल्याकडे यात दोन-तीन मिनिटं जातात. कॅप्टन आत बॅटिंग करत नसेल तर एक माणूस थेट अंपायरकडे पाठवा आणि दुसरा समोरच्या कॅप्टनकडे. डाव बदलताना दहा मिनिटं जातात आणि त्यात पुढच्या बॅटिंग संघाला सात मिनिटांपर्यंत रोलर फिरवून घेता येतो.

ही दहा मिनिटं वाचवता येतात. जेवणाच्या किंवा चहाच्या सुट्टीत, रोलरला पुरेसा वेळ राहील इतकं आधी सांगितलंत तर डाव बदलायचा वेळ सुट्टीतच मुरतो. तुम्ही चहाला सोडलं असतंत तर तीनला खेळ सुरू झाला असता आणि पावसाआधी ११ ऐवजी २० ओव्हर मिळाल्या असत्या. पावसामुळे सगळे आत आलेले असतानाही हीच सोय आहे. खेळ पुन्हा सुरू व्हायला निदान दहा मिनिटं बाकी असताना डिक्लेअर केलंत तर वेगळी विश्रांती लागत नाही. तुमची बॅटिंग चालू असताना पाऊस आला आणि पुढे एक-दीड तास तरी मिळेल असं दिसलं, तर चहा पीत बसू नका. निर्णय त्याच वेळी करा, पीच बघायला अंपायर जातील तेव्हाच त्यांना सांगून मोकळे व्हा.

डाव सोडल्यावर घड्याळ तुमच्याही हातात असतं, हे फार थोडे कॅप्टन लक्षात घेतात. तुमच्या मुलांनी ४५ मिनिटांत ११ ओव्हर टाकल्या. ओव्हर साडेतीन मिनिटांत संपली असती तर जवळपास १३. ८० मिनिटांच्या खेळात साडेतीन आणि सव्वाचार मिनिटांच्या ओव्हरमध्ये चार ओव्हरचा फरक पडतो, म्हणजे एखादी विकेट. ओव्हर बदलताना फील्डर धावत जागा घ्यायला हवेत, डावखुरा-उजवा जोडी आली तर बदल आधी ठरलेला हवा, आणि पुढचा बॉलर मिड-ऑफला किंवा मिड-ऑनला उभा असावा, फाइन लेगला नव्हे. हे फुकटात मिळणारं आहे. ते न करता पावसाला शिव्या देणाऱ्या संघांबद्दल मला फारशी सहानुभूती वाटत नाही.

आता तो पोरगा. त्याच्यासाठी थांबलात यात गैर काही नाही. जिल्ह्याच्या निवडीत शतकाचं वजन असतं, आणि १९ वर्षांच्या मुलाचं पहिलं शतक संघालाही हवंच असतं. पण तुमच्या पत्रावरून दिसतं की तुम्ही त्याच्यासाठी २५ मिनिटं थांबलात आणि त्याला ते सांगितलं नाहीत. त्याच्या दृष्टीने तो नेहमीसारखा खेळत होता आणि अचानक ९१ वर बोलावणं आलं. ‘अजून चार ओव्हर आहेत, बघ’ असा निरोप बाराव्या खेळाडूबरोबर ग्लोव्ह्ज पाठवताना गेला असता तर एक तर तो पोचला असता, नाही तर प्रयत्नात आउट झाला असता, आणि दोन्ही वेळा त्याला तुमचा राग आला नसता. २००४ मध्ये मुलतानला द्रविडने ५ बाद ६७५ वर डाव सोडला तेव्हा सचिन १९४ वर होता. भारत एक डाव आणि ५२ धावांनी जिंकला, तरी सचिनची नाराजी जगजाहीर झाली. मोठमोठ्यांना लागतं, तर या पोराला लागणारच. त्याला भेटा, क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काही लिहू नका. आणि भेटल्यावर ‘संघ आधी’ वगैरे ऐकवू नका, ते त्याला माहीत आहे. तुम्ही कशासाठी थांबला होतात आणि ते कळवायचं राहिलं, एवढं सांगा. पुढच्या वेळी प्रत्येक बॅट्समनला वेळ सांगून आत पाठवा, धावा नाही. ‘सव्वादोनला बोलावणार’ हे ऐकून गेलेला माणूस ८० वर असताना स्वतःच ठरवतो की मारायचं की नाही.

साताऱ्याबद्दल. स्पर्धेची नियमावली शुक्रवारीच हातात घ्या आणि गुणांचं कोष्टक बघा, कारण सगळे हिशेब त्यावर उभे आहेत. रणजीमध्ये थेट विजयाला ६ गुण, डावाने किंवा दहा विकेटनी जिंकलात तर ७, नुसत्या लीडला ३, पिछाडीला १, आणि पहिला डावच पूर्ण झाला नाही तर दोघांना एकेक. तुमच्याकडे वेगळं असू शकतं. फॉलोऑनही, म्हणजे मागे पडलेल्या संघाला लगेच पुन्हा बॅटिंगला लावण्याचा नियमही, बघून ठेवा. दोन दिवसांच्या मॅचमध्ये १०० चा लीड लागतो, पण पहिला दिवस पूर्ण वाया गेला आणि रविवारीच खेळ सुरू झाला तर एका दिवसाचा नियम लागतो आणि ७५ पुरतात.

टॉस जिंकलात आणि पाऊस रविवारी दुपारचा दिसत असेल तर पहिली बॅटिंग घ्या, म्हणजे वेळ तुमच्या ताब्यात राहते. मग विजय विसरा, वीस विकेट काढायला ओव्हर पुरत नाहीत, नेम लीडवर धरा. शनिवारच्या ९७ ओव्हर आणि रविवारी चहापर्यंतच्या ६७, मिळून १६४. डाव बदलायला तीन. दहा विकेट काढायला गेल्या मॅचचा अनुभव ७० चा, वर सतरा जास्तीच्या धरा. तुमच्या वाट्याला ७४ उरतात. म्हणजे शनिवारी साडेतीनच्या सुमारास, धावा २२० असोत की २६०, डाव सोडायचा. संध्याकाळी नव्या चेंडूने वीसेक ओव्हर मिळतात, तेही दिवसभर उन्हात फील्डिंग करून थकलेल्या ओपनरना. २२० वर सोडायला छाती होत नसेल तर शेवटच्या पंधरा ओव्हरमध्ये गती वाढवा, पण वेळ हलवू नका. पाऊस शनिवारीही आला तर गेलेल्या ओव्हर दोघांत निम्म्या वाटून तुमचा आकडा खाली आणा. पिछाडीवर असताना, पहिल्या डावाचे गुण ठरायचे असताना, कुणी कितीही आग्रह केला तरी डाव सोडू नका, ते गुण समोरच्याला वाढून देण्यासारखं आहे.

दुसरी बॅटिंग आली तर या मॅचचा धडा तसाच लागू करा: लीड मिळाल्यावर पुढच्या दोन बॅट्समनना पॅड बांधून बसवा, आणि आत असलेल्यांना सांगा की तेरा ओव्हर आहेत.

विजा कडाडू लागल्या तर अंपायरची वाट न बघता त्यांच्याशी बोला, आणि मुलांना कडेच्या झाडाखाली किंवा साइटस्क्रीनच्या लोखंडी सांगाड्याजवळ उभं राहू देऊ नका. यजमान क्लबला आजच फोन करून विचारा की ताडपत्र्या किती आहेत, पिचशिवाय दोन्ही बाजूंच्या रनअपला पुरतात का, आणि ओढायला किती माणसं असतात. पुरत नसतील तर तुमच्या क्लबच्या दोन ताडपत्र्या गाडीच्या टपावर टाका. एक पोतं लाकडाचा भुसा बरोबर घ्या, बॉलरच्या पायाच्या जागेत तो टाकायला नियमाची हरकत नसते. शिवाय चेंडू पुसायला चार कोरडे टॉवेल आणि चिखल खरवडायला एक जुना चाकू. ताडपत्री ओढायला तुमचीही मुलं धावली पाहिजेत, आणि कोण कुठलं टोक धरणार हे शनिवारी टॉसच्या आधीच ठरवून टाका.